पोरका डबा

ही गोष्ट माझ्याइतकी बिनचूक दुसरं कोणी सांगू शकत नाही. म्हणजे घडली तेव्हा मी तिथे नव्हतो, आणि ज्या कामाची ती आहे त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण तेवढं सोडलं तर सगळं बिनचूक.

डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाइट एक ताई सांभाळायची. उभी केली होती तिच्या दादाने. दादाला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हापासून त्याच्या खुर्चीवर ताई. वेबसाइट बाहेरून एकच दिसते, पण आत सहा कामं सहा वेगळ्या कंटेनरांत चालतात. ताई त्यांना डबे म्हणायची. एक डबा दारात बसून आल्यागेल्याला आत घेतो, एक नंबर देतो, एक नोंदी जपतो, एक मेसेज पाठवतो. उरलेले दोन काय करतात ते ताईने मला दोनदा समजावलं. दोन्ही वेळा मी मान डोलावली. हे सहाही एका फाईलीत लिहिलेले. फाईल वाचायची आणि डबे लावायचे, एवढंच मशीनला ठाऊक.

त्या दुपारी काम किरकोळ होतं. दारातला डबा दुरुस्त करून पुन्हा लावायचा. चहा निवायच्या आत होणारं. खोलीत गार हवा, तापलेल्या धुळीचा वास, आणि मशीनची ती एकसुरी घरघर, जिच्यात जागा माणूसही अर्धा झोपेतच असतो. ताईने हुकूम दिला. स्क्रीनवर ओळ उमटली: एक पोरका डबा सापडला.

पोरका हा शब्द मशीनवाल्यांचाच, पदरचा घातलेला नाही. कोणीतरी हाताने लावलेला, फाईलीत लिहायचा राहून गेलेला डबा. दादाची ही खोडच. ‘बघू तरी’ म्हणत काहीबाही चालू करायचा, लिहायला विसरायचा आणि ताईच्या शिव्या खायचा.

दारातला डबा दुरुस्तीला उठला, तेवढ्यात पोरका नेमका तिथेच येऊन बसला होता. तिथे एकालाच जागा. म्हणून दुरुस्त झालेला डबा बाहेर, आणि वेबसाइट बंद.

फोन वाजला. दवाखान्यातल्या नंबर देणाऱ्या बाई होत्या. “ताई, चाळीस जण डोळ्यांत थेंब घालून बसलेत. त्यांना मी दिसत नाही, मला त्यांचे नंबर दिसत नाहीत. कसं करू?”

“दहा मिनिटं द्या, बाई.”

पोरक्याला पुसायला एक ओळ पुरते. पण पुसला की आतलं सगळं गेलं. म्हणून ताई आधी आत डोकावली. डबा अकरा महिने सलग चालू होता. मशीन तर महिन्यापूर्वी खोक्यातून काढलेलं, कोरं करकरीत... आणि आत एकच ओळ, दर मिनिटाला एकदा, खाली खाली झरत गेलेली.

चिमणे, बरी आहेस ना?

चिमणी तिला एकटा दादाच म्हणायचा. मशीन दर मिनिटाला प्रत्येक डब्याची अशीच विचारपूस करतं. ताईची वर्षभरात कोणी केली नव्हती.

घरघर लांब गेली, पाण्याखालून ऐकू यावी तशी. बोट पुसायच्या ओळीवर अडून राहिलं. पुसलं तर दादा दुसऱ्यांदा जाणार, आणि या खेपेला तिच्या हाताने. फोन पुन्हा वाजला, वाजून थांबला. शेवटी त्या ओळींखाली तिने वेड्यासारखं लिहिलं: बरी आहे रे. पण दार सोड ना... लोक थांबलेत.

झरणं थांबलं. एक मिनिट गेलं, मग दुसरं. खोलीतला गारठा खुर्चीच्या जरा जवळ सरकला.

सोडतो.

यादीत सहाच डबे उरले. दुरुस्त केलेला निमूट जागेवर बसला. बाईंचा मेसेज आला, नंबर मिळू लागले.

इतक्यात मशीनची देखभाल करणारे मामा डोकावले. जगाची टर उडवणारा माणूस. ताईने त्यांनाच धरलं.

“मामा, ही थट्टा तुमची ना? सांगून टाका. रागावणार नाही मी.”

मामांनी सगळं ऐकून घेतलं. “पोरी, मोबाईलवर ‘बरं’ लिहायला माझी अर्धी दुपार जाते.”

ताई हसली. हसता हसता डोळे पुसले. “मग दादाच होता. गेला बिचारा... शांतपणे गेला.”

मामा हसले नाहीत. तिच्या खुर्चीच्या मागे बघत हळू आवाजात म्हणाले, “दार सोडतो म्हणाला तो. जातो असं कुठं म्हणाला?”