दोन बाजार थांबा

"या बैलजोडीचं काय घेणार?" यशोधरानं वहीतून मान वर न काढताच विचारलं.

"तुम्ही काय देणार?"

"मी? मी नुसतं लिहून घेणार."

तो मोठ्यानं हसला, तेव्हा कुठं तिनं वर पाहिलं. पांढरा सदरा, खिशाला पेन, हातात कासरा... आणि खांद्यावर कडुलिंबाचा बारीक मोहोर सांडलेला. तेरणेच्या पात्रात नुसती वाळू उरली होती, पण लिंब मात्र वेड्यासारखा मोहरला होता. शहाऐंशीचा उन्हाळा होता तो.

उस्मानाबादच्या पोस्टमनची ही लेक अर्थशास्त्रात एम.ए. करत होती. प्रबंधासाठी दर आठवड्याला एस.टी.नं तेरच्या बाजारात यायची, बैलांचे भाव टिपायची. हा नागसेन, इथल्याच शाळेत विज्ञान शिकवणारा. वडलांचे, पिराजींचे, बैल विकायला उभा होता. घरात वैरण पंधरा दिवसांपुरतीही नव्हती.

"अर्थशास्त्र होय!" तो म्हणाला. "त्याला शास्त्र कोण म्हणतं? दगड वर फेकला की खाली येतो. रोज येतो. तुमच्यात आहे का असा एखादा नियम?"

"आहे की. माल वाढला आणि घेणारे तेवढेच राहिले, तर भाव पडतो. बघा ना आजूबाजूला!"

"दगडाला विचारावं लागत नाही हो. माणूस ऐन वेळी फिरतो."

"म्हणून तर आमचं शास्त्र अवघड," ती ठसक्यात म्हणाली. मग बैलांच्या ओल्या, शांत डोळ्यांकडं पाहून तिचा आवाज उतरला. "आज विकू नका. सोसायटीचा चारा डेपो उघडतोय. चारा मिळाला की लोक बैल घरी ठेवतील, बाजारात जोड्या कमी येतील आणि भाव चढेल. दोन बाजार थांबा."

"आणि नाही चढला तर?"

तिनं वहीचं पान उलटलं. पण नागसेननं खरंच कासरा ओढला आणि जोडी घराकडं वळवली...

परतीच्या एस.टी.त खिडकीबाहेर उघडी रानं सरकत होती. ती भाव तपासायला बसली, आणि एकही आकडा डोक्यात शिरेना. डोळ्यांपुढं सारखा तो पांढरा सदरा.

पुढच्या बाजाराला डेपोच्या दाराला कुलूपच होतं. चाऱ्याच्या गाड्या आल्याच नव्हत्या. बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या. बाभळीचा पाला काढून काढून नागसेनचे हात काट्यांनी ओरबाडले होते.

"माझं चुकलं," यशोधरा पुटपुटली. "विकून टाका. मिळेल त्या भावात..."

"एवढ्यात हरलात?"

"हा काय खेळ आहे? मुकी जनावरं आहेत ती!"

"माहीत आहे," तो हळूच म्हणाला. "तरी थांबतो."

तो आठवडा तिनं कसा काढला, तिचं तिलाच ठाऊक.

तिसऱ्या बाजाराला ती उतरली तेव्हा सोसायटीपुढं कडब्याच्या पेंढ्यांची रास लागली होती. बाजारात जोड्या निम्म्यावर आल्या होत्या, आणि महालिंगप्पा व्यापारी पिराजींच्या मागं मागं फिरत होता. भाव जवळजवळ दीडपट!

"म्या न्हाय इकत," पिराजी म्हणत होते. "वैरण मिळाली, आता कशाला इकू?"

यशोधरा बघतच राहिली. "भाव वाढला की विकणारे वाढतात... हाही नियमच आहे! तुमच्या वडलांनी तो मोडला की हो!"

"मग? शास्त्र बुडालं?" नागसेनच्या डोळ्यांत हसू होतं.

"नाही. नियम पुष्कळांचा असतो. एकटा माणूस काय करील, ते त्यात सापडत नाही." ती थांबली. "एक विचारू? मागच्या बाजारी मीच विका म्हणाले. का नाही विकलीत?"

त्याचा चेहरा एकदम गोरामोरा झाला. कासरा या हातातून त्या हातात...

"विकली असती, तर आज बाजारात उभं राहायला मला कारण काय उरलं असतं?" तो कसंबसं बोलला. "आणि तुम्ही... दुसऱ्याच कुणाला तरी भाव विचारला असता."

वाऱ्याची झुळूक आली. भोवतीचा कोलाहल कुठंतरी लांब गेला. तिच्या कानशिलांवर ऊन चढलं, की आणखी काही – कोण जाणे.

"रविवारी माझे वडील घरी असतात," ती बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "गणेश नगरात पोस्टमनचं घर कुणीही दाखवील. येताना... वडलांनाही आणा."

"मी – म्हणजे – नक्की..." वर्गात तासभर बोलणारा मास्तर चक्क अडखळला.

"येतो की माय!" पलीकडून पिराजींचा खणखणीत आवाज आला. "आन् म्याच ह्याला म्हणलं व्हतं, थांबू अजून एक बाजार. पोरगं पंधरा दिवस बैलाला पाला घालतंय आन् बघतंय एस.टी.च्या वाटंकडं. मला काय कळत न्हाय व्हय?"

यशोधरानं पदरात तोंड लपवलं. नागसेननं खाली वाकून उगाचच बैलाचा खूर तपासायला घेतला, आणि कितीतरी वेळ तो काही वर उठला नाही.