पान उलटणारी

“आय नॉड, यू टर्न. सिंपल!” एवढंच सांगून तो हार्पसिकॉर्डपाशी, पियानोच्या त्या जुन्या भावंडापाशी बसला आणि ऋजुता शेजारच्या खुर्चीत टेकली.

इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या त्या चर्चमध्ये ती शिरली होती आडोशाला. बाहेर पाऊस, ट्रेन कॅन्सल, छत्री ऑफिसात. वादकाची पानं उलटणारी मुलगी मेडनहेडलाच अडकली म्हणे... आणि पहिल्या रांगेत तरुण अशी ही एकटीच. झालं, धरून आणलं बिचारीला!

संगीत होतं मोंतेरूचं. तीनशे वर्षांपूर्वीचा हा फ्रेंच संगीतकार आता फ्रान्समध्येही कुणाला आठवत नाही. पण बोटं पडली, तारा छेडल्या गेल्या आणि ऋजुता खुर्चीत सरसावून बसली. नोटेशनमधलं तिला ओ का ठो कळत नव्हतं. ती आपली त्याच्या मानेवर नजर लावून. कुरळे केस, कानामागे एक तीळ... आणि मान हलली! तिनं झटकन पान उलटलं.

दोन ओळी अजून बाकी होत्या.

त्यानं डोळे विस्फारले, मनाचंच काहीतरी वाजवलं आणि कसाबसा पुढचं पान गाठता झाला. “अगं आई गं!” ती पुटपुटली.

“तू मराठी?” टाळ्या थांबताच त्यानं विचारलं. हा सोलोमन पेणकर. घराणं मुंबईच्या ज्यूंचं, जन्म लंडनचा, आणि मराठी जेवढं आजीनं कानावर घातलं तेवढंच.

“सॉरी! पण तू मान हलवलीस.”

“ती डोलत होती! म्यूझिक आवडलं म्हणून.”

“मग तसं आधी सांगायचं ना.”

“नेक्स्ट सॅटर्डे प्रॅक्टिस करूया?” तो हसत म्हणाला. चुकीबद्दल बोलणी खायची सोडून ऋजुता लाजली.

शनिवारमागून शनिवार गेले. गप्पा इंग्लिशमध्ये, मराठी फक्त चिडवायला – “पुन्हा चुकलीस!” हळूहळू त्याचं डोलणं कोणतं आणि इशारा कोणता, हे तिला न बघताही कळू लागलं. प्रेमात पडली होती ती, अगदी सपशेल.

वेल्समधल्या कार्डिफचा कार्यक्रम रंगला. परतीच्या ट्रेनमध्ये त्यानं बातमी दिली. मोंतेरूचं सगळं संगीत रेकॉर्ड करायला त्याला फ्रान्समध्ये, लिऑंला बोलावणं आलं होतं. वर्षभरासाठी. उद्याच निघायचं.

“ग्रेट!” ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली. डोळे भरून आले होते. आज हा काही बोलला नाही, तर वर्षानं कोण कुठे! पण सोलोमनचं आपलं मोंतेरू एके मोंतेरू. स्विंडन गेलं, डिडकॉट गेलं. त्याला पुढे लंडनला जायचं होतं; तिचं रीडिंग आलं तशी तिनं बॅग उतरवली आणि दाराशी गेली.

“ऋजुता, थांब!” तो धडपडत मागे आला. “हे इंग्लिशमध्ये... फार सोपं होतं. मी... मी तुझ्यावर प्रेम करते.”

करते! आजीचं ऐकून शिकलेला मुलगा दुसरं काय बोलणार? ऋजुताला हसू फुटलं, त्यातच रडू.

“अरे, मुलगे ‘करतो’ म्हणतात. ‘करते’ मी म्हणायचं.”

“मग म्हण ना.”

दारं बंद व्हायची पिपाणी वाजू लागली. मागचा माणूस ‘एक्स्क्यूज मी’ म्हणत तिला ओलांडून उतरलासुद्धा.

“करते,” ऋजुता म्हणाली आणि बॅग पुन्हा रॅकवर टाकली.