कपाटाच्या खाचा

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त वाचल्या. लिहायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे. मी यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. रचायचंच असतं तर स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

हे रात्री घडलं नाही. अमावास्या नव्हती, वीजही गेली नव्हती. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, स्वयंपाकघरात, लख्ख उजेडात घडलं. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी.

रोज.

आमच्या घरात तिघंच. मी, हे, आणि ह्यांच्या आत्या. ह्यांची आई लवकर गेली, तेव्हा आत्यांनीच ह्यांना लहानाचं मोठं केलं. माझं लग्न होऊन मी घरात आले तोवर आत्यांची नजर पूर्ण गेली होती. पण परक्या माणसाला ते कळायचं नाही. घरभर अशा वावरायच्या की मीच दोनदा त्यांना धडकले होते.

"अगं, डोळस माणसानं तरी बघून चालावं," म्हणून हसायच्या.

दुपारचा चहा त्या स्वतः करायच्या. तीनला उठायच्या, दहा मिनिटांनी स्वयंपाकघरात. गॅस, पातेलं, साखर, चहा. कधी थेंब सांडला नाही. मला मदतीला उभं राहू द्यायच्या नाहीत.

सामान असायचं ते एका जुन्या लाकडी कपाटात. दोन दारं, चार फळ्या. रंग काळपट, कडा झिजलेल्या, फळ्यांवर चरे पडलेले. आत डबे म्हणजे नुसता बाजार. एक चपटा, एक गोल, एक औषधाच्या पावडरचा.

मला ते कपाट डोळ्यांसमोर नको व्हायचं.

त्यात मला नवा नाद लागला होता. जुनं फर्निचर घरच्या घरी रंगवण्याचे व्हिडिओ. आधी एक स्टूल रंगवलं, मग चपलांचा रॅक. मैत्रिणींच्या ग्रुपवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो टाकले की वाहवा व्हायची. हे मला पेंटरीणबाई म्हणायला लागले.

"आता कपाटाचा नंबर," मी म्हटलं.

"आत्याला विचारलंस?"

"त्यांना काय दिसणार आहे?"

ह्यांच्या कपाळाला आठी पडली. मग मीच सावरून घेतलं. "अहो, तसं नाही. त्यांना सरप्राइज देऊ."

आत्या चार दिवस त्यांच्या एका जुन्या मैत्रिणीकडे राहायला गेल्या. त्याच दिवशी मी सगळे डबे काढून जमिनीवर मांडले. कुठला डबा कुठे होता, हे बघितलंसुद्धा नाही.

रंगाच्या दुकानदारानं बजावून सांगितलं होतं. आधी पॉलिशपेपर घासायचा, मग चिरा-खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की प्रायमर, आणि मग रंग. "लांबी नीट भरा ताई. नाहीतर पांढऱ्या रंगात एकूण एक चरा दिसतो."

मी पत्र्याच्या पट्टीनं लांबी भरत गेले. वरची फळी झाली, दुसरी झाली.

तिसऱ्या फळीच्या कडेवर लांबी बोटानं दाबत होते...

आणि बोट थांबलं.

एक चरा. मग वीतभर अंतर. दोन चरे. पुन्हा वीतभर अंतर. तीन.

सगळे सारख्या खोलीचे. सुरीनं पाडलेले.

मी खालची फळी पाहिली. तिथे तिरके होते. एक तिरका, दोन तिरके, मग फुलीसारखा एक.

मी डोळे मिटले आणि कडेवरून बोट फिरवलं.

कळलं.

ते चरे नव्हते. खाचा होत्या. नजर जात होती त्या दिवसांत आत्यांनी एकेक करून पाडलेल्या. मीठ कुठे, साखर कुठे, चहा कुठे. आत्यांचं सगळं स्वयंपाकघर त्या खाचांत होतं.

आता खरं सांगते. त्याच क्षणी मी थांबू शकले असते. वरच्या दोन फळ्यांची लांबी ओली होती. ओल्या फडक्यानं पुसली असती तर पाच मिनिटांत निघाली असती.

मी पुसली नाही.

रंग आणला होता म्हणून? ग्रुपवर 'आधी'चा फोटो टाकून झाला होता म्हणून? ही सगळी कारणं मी स्वतःला देऊन पाहिली. खरं कारण वेगळंच आहे. सात वर्षं त्या स्वयंपाकघरात मी पाहुणी होते. एखादा डबा जरा सरकला तरी आत्या गोड आवाजात म्हणायच्या, "साखर डावीकडे गेली वाटतं आज?" ओरडल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. मला ते स्वयंपाकघर माझं व्हायला हवं होतं.

मी उरलेल्या दोन फळ्यांतही लांबी भरली. एकही खाच सोडली नाही.

वर पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन हात दिले. जुने डबे टाकून एकसारख्या काचेच्या बरण्या आणल्या आणि त्यांवर सुंदर अक्षरांत लेबलं लावली.

हो. लेबलं.

आत्या परत आल्या. दुपारी स्वयंपाकघरात गेल्या. मी दारातच उभी होते. त्यांनी कपाट उघडलं, फळीच्या कडेला बोट लावलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं.

परत आणलं.

पुन्हा नेलं.

"छान झालंय गं," त्या म्हणाल्या. "अगदी गुळगुळीत झालंय."

बस. एवढंच. ह्यांच्याकडे तक्रार नाही, मला टोमणा नाही. त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात आल्याच नाहीत. तीन वाजता खोलीत पलंगावर बसून राहायच्या आणि मी चहा नेऊन दिला की "देव भलं करो" म्हणायच्या. त्यांचं घरभर फिरणं बंद झालं. मग जेवण कमी झालं. अडीच महिन्यांत, एका सकाळी झोपेतच गेल्या.

"वय झालं होतं," डॉक्टर म्हणाले. सगळेच तसं म्हणाले. मीही म्हणाले.

तीन आठवड्यांनंतरची गोष्ट. हे कामावर होते. मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते.

स्वयंपाकघरातून आवाज आला...

सर्र...

लाकडावरून बोट फिरवल्यासारखा. हळू.

थांबला.

पुन्हा... सर्र...

मग बरणीचं झाकण फिरल्याचा आवाज. मग काहीच नाही. मग झाकण बंद झाल्याचा. मग दुसऱ्या बरणीचं.

मी घड्याळ पाहिलं. तीन दहा.

आत गेले तर कुणी नव्हतं. कपाट बंद होतं. मी ते उघडलं. बरण्या जागच्या जागी होत्या, पण सगळ्यांची झाकणं सैल होती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. उंदीर म्हणावं तर उंदीर झाकणं फिरवत नाहीत. चौथ्या दिवशी मी आवाज थांबेपर्यंत कान झाकून बसले आणि मग आत गेले.

गॅसवर पातेलं होतं.

पातेल्यात दोन कप पाणी. थंड. गॅस पेटवलेलाच नव्हता.

त्या पाण्यात साखर नव्हती, चहा नव्हता. नुसतं पाणी ठेवून कुणीतरी बाकीचं शोधत राहिलं होतं.

मी तिथेच खाली बसले. भीती वाटली, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. आपल्याच घरात, इतक्या वर्षांच्या कपाटासमोर, त्या अजून चाचपडत होत्या. आणि त्या कशामुळे चाचपडतायत हे जगात फक्त मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि लांबी उकरायला बसले. चार तास लागले. रंगाचे पापुद्रे निघाले, हाताला फोड आले. पण एकेक खाच वर आली. एक, दोन, तीन. तिरक्या. फुली.

मग बरण्या लावायला घेतल्या...

आणि हात थांबला.

एक खाच म्हणजे काय? मीठ, की साखर? चहाला किती? सात वर्षं त्याच स्वयंपाकघरात होते, पण मी डबे शोधायचे ते आकारावरून; जागेचं आत्यांना कधी विचारलं नव्हतं.

अंदाजानं लावल्या. तीन दहाला आवाज आला. या वेळी बोट झरझर फिरलं. एक, दोन, तीनवर थांबलं. झाकण फिरलं.

झाकण बंद झालं.

चुकलं होतं.

मी रोज बरण्या बदलत राहिले. रोज बोट नेमक्या खाचेवर जायचं, रोज झाकण उघडायचं, आणि रोज बंद व्हायचं. पातेल्यात नुसतं पाणी.

रविवार आला. हे घरी होते. दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि कपाट बघून बाहेर आले.

"अगं, हे काय केलंस? चांगल्या रंगाची वाट लावलीस."

मी त्यांना खाचांचं सांगितलं. त्या कशासाठी होत्या ते सांगितलं. ह्यांना माहीतच नव्हतं. आत्यांनी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. हे खुर्चीत बसले आणि मान खाली घातली.

आत आवाज सुरू झाला होता.

सर्र...

"ऐकू येतंय?" मी विचारलं.

"काय?"

सर्र... एक... दोन...

ह्यांनी वर बघितलं. डोळे भरले होते. "तू रंगवत होतीस तेव्हा... तुला कळलं नव्हतं ना गं?"

आतला आवाज थांबला.

अर्ध्यावर. बोट उचललं नव्हतं, नुसतं थांबलं होतं. तिकडे कुणीतरी कान देऊन उभं होतं, हे मी शपथेवर सांगते.

मला फक्त एक शब्द बोलायचा होता.

"नाही हो," मी म्हणाले. "कळलं असतं तर भरल्या असत्या का?"

ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मग मनाला लावून घेऊ नकोस."

आतून काहीच आवाज आला नाही. झाकणाचा नाही, बोटाचा नाही.

तासाभरानं मी चहा करायला आत गेले. पातेलं भांड्यांच्या जाळीवर पालथं होतं, कोरडं. मी कपाट उघडलं.

फळ्यांच्या कडा पांढऱ्याशुभ्र होत्या.

एकही खाच नव्हती. मी बोट फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत... गुळगुळीत. रंग वाळलेला, त्याला वासही नाही. खाली एक कपचीसुद्धा पडलेली नाही. लांबीचा डबा तर मी केव्हाच फेकून दिला होता.

हे मागून आले आणि खांद्यावरून डोकावले.

"एवढ्यात परत केलंससुद्धा? बरं केलंस. तुझा हात खरंच छान बसलाय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. मग कपाटाकडे.

"हो," म्हटलं. "मीच केलं."

याला आता पाच महिने झाले. मध्ये एकदा हे बाहेरगावी असताना मी स्क्रू ड्रायव्हरनं पुन्हा उकरून पाहिलं. रंगाखाली लांबी नाही. खाचही नाही. कोरं, सलग लाकूड आहे, कधी सुरी न लागलेलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी मी रोज स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. काही ऐकू येत नाही. स्वयंपाकघर आता पूर्ण माझं आहे.

ह्यांना मी अजून सांगितलेलं नाही. इथे माझं नाव कुणाला माहीत नाही, म्हणून इथे लिहिलं.