नऊ विजय, सात पराभव

ती मला प्रथम दिसली तेव्हा भांडत होती, आणि तेही मराठीत.

एर्लांगनहून हेर्त्सोगेनआउराखला जाणारी संध्याकाळची बस. दोन हजार आठ सालचा नोव्हेंबर. काचांवरून पाऊस तिरपा ओघळत होता आणि आत ओल्या लोकरीचा वास कोंडला होता. माझ्या पुढच्या बाकावर लाल टोपी घातलेली एक मुलगी फोनवर कुणाला तरी दरडावत होती.

“दादा, वीक डिव्हिजन काय, वीक डिव्हिजन! लीगमधले बेस्ट दोन रिसीव्हर आमच्या ॲरिझोनाकडे आहेत. सॅन फ्रान्सिस्कोचा लाइनबॅकर बघ, सेंट लुइसचा रनिंग बॅक बघ... स्टार्स काय झाडाला लागतात?”

मी कधी कुणाशी आपणहून बोलत नाही. ओळखीचे कुणी समोरून आले तरी मी रस्ता ओलांडणारा माणूस. तरीही त्या दिवशी माझाच आवाज मला ऐकू आला –

“पण त्या गटातल्या चार टीम आपसातच प्रत्येकी सहा सामने खेळतात ना... त्यामुळे त्यांच्यातली कुणीतरी जिंकणारच.”

ती वळली. टोपीखालून दोन डोळे माझ्यावर थांबले – रागावलेले की हसू दाबणारे, ते मला आजही सांगता येणार नाही.

“दादा, ठेवते. इथे बसमध्ये तुझा एक वकील बसलाय.” फोन खिशात गेला. “कुठले तुम्ही?”

“सांगली.”

“सांगलीत कधीपासून अमेरिकन फुटबॉल खेळतात?”

मी अडखळत सांगितले, की ड्युसेलडॉर्फला शिकत असताना मी तिथल्या संघाचे सामने बघायला जात असे. अमेरिकनांनी युरोपात चालवलेली ती लीग गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात बंद पडली.

“एकटेच जायचात?”

“वीस हजार लोक असायचे.”

“म्हणजे एकटेच,” ती म्हणाली, आणि सरकून तिने शेजारची जागा मोकळी केली.

तिचे नाव सुरुची. पुण्याची. ॲरिझोनात दोन वर्षे शिकून आलेली, आणि आता या चिमुकल्या गावातल्या एका क्रीडासाहित्याच्या कंपनीत खेळाडूंच्या बुटांचे तळवे आखणारी. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला बेअरिंगच्या चाचण्या घेत असे. यंत्रावर चढवायचे, फिरवत ठेवायचे, आणि ते केव्हा तुटते याची वाट पाहायची.

त्यानंतर दर सोमवारी बसथांब्यासमोरच्या बेकरीत आमचा वाद रंगू लागला. रविवारी ॲरिझोना जिंकलेली असली की ती माझ्याआधी येऊन बसलेली असे. हरलेली असली की उशिरा येई आणि न बोलता माझ्या ताटलीतला केक संपवी. 'तुम्ही'चे 'तू' केव्हा झाले, कळले नाही. मी मांडत असे, की चमकणारी माणसे असणे वेगळे आणि संघ बळकट असणे वेगळे. चार संघांच्या त्या गटात नावाजलेले खेळाडू डझनभर होते, पण गटाबाहेरच्या कुणाशीही गाठ पडली की ते कोसळत.

“तू आयुष्यात कधी कुणाची बाजू घेतली आहेस का रे?”

“बाजू घ्यायची तर पुरावा लागतो.”

“आल्झो... बरं, बायको कशी निवडणार मग? टेस्ट रिगवर चढवून?”

“दहा लाख फेरे. आवाज न करता.”

ती एवढी हसली की काउंटरवरची बाई वळून पाहू लागली. हसताना ती हाताची पाठ ओठांवर धरत असे. मला तेव्हाच काही बोलायचे होते... मी साखरेची पुडी सरळ करत राहिलो.

डिसेंबर आला तो मंदीच्या वाईट बातम्या घेऊनच. आमच्या विभागात कुर्त्सआर्बाइट लागू झाले. आठवड्याचे तीनच दिवस काम, उरलेले दिवस घरी बसून राहायचे. चाचणीगृहातली निम्मी यंत्रे थांबली. सुरुचीचा दोन वर्षांचा करार मार्चअखेर संपत होता, आणि कंपनीने पुढे फक्त सहा महिने देऊ केले होते. तिचा इथे राहण्याचा परवानाही त्याच कागदाला बांधलेला. दुसरीकडे चाकणच्या एका कारखान्याने तिला कायमची जागा देऊ केली होती. पाच जानेवारीपर्यंत उत्तर हवे होते.

ॲरिझोना मात्र गटात पहिली आली. नऊ विजय, सात पराभव. त्या नवांतले सहा विजय गटातल्याच संघांवरचे. बाहेर तीन जिंकले, सात हरले. त्या जोरावर प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, पहिला सामना त्यांना घरच्या मैदानावर मिळाला.

तीन जानेवारी, शनिवार. दुपारचे ऊन बर्फावर पडून डोळ्यांना टोचत होते. तिच्या एका खोलीच्या घरात आम्ही चहा पीत बसलो होतो. सामना व्हायला अजून बरेच तास होते.

“हृषी, आज काय होईल?”

“हरतील बहुतेक.”

“ऐक ना...” ती कपाकडे पाहत म्हणाली. “ते जिंकले तर मी सहा महिने घेते. हरले तर पुणे. मी तसं ठरवलंय. तू फक्त एकदा म्हण, की जिंकतील.”

“मी म्हटल्याने काय होणार आहे?”

“काही नाही होणार. तरी म्हण.”

खोलीत हीटरचा बारीक आवाज होत होता. माझ्या मनात त्या क्षणी जे होते ते फुटबॉलचे नव्हते. राहा, एवढा एकच शब्द होता. पण सहा महिन्यांपुढे काय, हे मला ठाऊक नव्हते. आणि ज्याचा शेवट ठाऊक नाही असे वाक्य मी कधी उच्चारले नव्हते.

“सहा-शून्य आणि तीन-सात...” मी म्हणालो. “आकडे तसं म्हणत नाहीत, सुरुची. डिव्हिजनच कमकुवत आहे.”

तिने मान हलवली. मग उठली, टेबलाशी बसली, आणि तिथल्या तिथे, सामन्याची वाट न पाहता, घर सोडण्याची नोटीस लिहिली. जर्मन भाषेत तीन ओळी, खाली सही.

“मार्चअखेर घर सोडायचं तर तीन महिन्यांची नोटीस लागते, म्हणजे हे सोमवारपर्यंत घरमालकिणीला, फ्राऊ होल्फेल्डरना, पोचायला हवं. महिन्याचा तिसरा कामाचा दिवस, तीच शेवटची मुदत. आणि पत्र देणारा तिसरा माणूस लागतो. उद्या कुणी मिळालंच नाही म्हटलं, तर साक्षीला.” तिने पाकीट माझ्यापुढे धरले. “माझ्या ओळखीत तुझ्याइतकं खरं बोलणारं कुणी नाही.”

रविवारी सकाळी बातमी वाचली. ॲरिझोना जिंकली होती – तीस-चोवीस.

दिवसभर मी फोनजवळ बसून राहिलो. ती म्हणेल, पत्र फाडून टाक... तिनेच तसे ठरवले होते ना? फोन वाजला नाही. मीही केला नाही.

सोमवारी दुपारी मी होल्फेल्डरबाईंच्या दारासमोर उभा होतो. थंडी अशी, की श्वास घेताना नाक आतून चिकटत होते. पितळी फटीत पाकीट अर्धे आत, अर्धे माझ्या बोटांत. आज ते खिशातच राहू दिले असते, तर तिला एक महिना जास्त थांबावे लागले असते. एक महिना! कुणाला कळले असते? टाकले, असे मी म्हटले असते, तर साऱ्या गावाने मानले असते.

पण तो महिना मी चोरलेला असता. तिला थांबवायचे तर तोंडाने थांबवावे, हाताने नव्हे.

मी बोटे सोडली. पाकीट आत पडल्याचा आवाज झाला. घड्याळ पाहून मी कागदावर लिहिले – पाच जानेवारी, दुपारी तीन चाळीस, स्वतः टाकले – आणि सही केली.

मंगळवारी तीन राजांच्या सणाची सुट्टी होती. मी तिच्या दारात पोचलो तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

“टाकलं,” मी म्हणालो.

“माहीत होतं.”

“ते जिंकले, सुरुची. तू म्हणाली होतीस...”

“मला ॲरिझोनाचं काय पडलं होतं रे?” तिचा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि लगेच खाली आला. “एक माणूस माझ्यासाठी एवढंसं खोटं बोलतो का, तेवढंच बघत होते. खोटंही नव्हतं ते. बघ ना, जिंकलेच.”

उंबरठ्याच्या त्या बाजूला ती, या बाजूला मी.

“जाऊ नकोस,” मी म्हणालो. “माझं... माझं प्रेम आहे तुझ्यावर.”

तिने डोळे मिटले. “काल सकाळी चाकणला हो कळवलं, हृषी. सहीसुद्धा करून पाठवली.” मग अगदी हळू – “आत ये. दार उघडं राहिलं की सगळी ऊब जाते.”

ते तीन महिने आमचे होते. आउराख नदीच्या काठाने आम्ही चालत असू. तिचा हातमोजा माझ्या कोटाच्या खिशात असे, आणि मोज्यात तिचा हात. ॲरिझोना आणखी दोन सामने जिंकून अंतिम फेरीत गेली आणि चार गुणांनी हरली. आम्ही ते दुसऱ्या दिवशी वाचले आणि त्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. संध्याकाळी ती खोक्यांवर चिकटपट्टी लावी, आणि तो फाडण्याचा आवाज माझ्या अंगावर काटा आणी. पुण्यात त्या वसंतात माझ्या कामाची जागा नव्हती. खरे तर कुठेच नव्हती. इथली होती ती सोडून जाण्याचा धीर मला होत नव्हता, आणि ही गोष्ट तिने मला कधी विचारली नाही.

विचारली ती मार्चच्या शेवटच्या दिवशी, न्युर्नबर्गच्या फलाटावर. फ्रांकफुर्टची गाडी लागली होती. सामान चढवून ती दारात उभी राहिली.

“अजून तुला वाटतं, डिव्हिजन कमकुवत होती?”

“हो.”

ती हसली, हाताची पाठ ओठांवर न नेता, उघड. “बरं झालं, बदलला नाहीस.” मग हसू विझले. “येशील तिकडे?”

शिट्टी झाली. माझ्यापाशी एकही आधार नव्हता. ना नोकरी, ना तारीख, ना तिला दाखवण्याजोगा कागदाचा एक चिटोरा.

“येईन,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट पाहिले. “खरं?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. “येईन.”

दार बंद झाले. काचेपलीकडे तिचे ओठ हलले, पण ती काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत मी मोठ्याने, फलाटावरच्या माणसांची पर्वा न करता, तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो.