रंगाऱ्यांच्या गल्लीतलं झाकण

दार लोटून घ्या, पोरांनो, आणि जवळ सरकून बसा. हे मला वागिनोनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. वागिनो म्हणजे माझ्या चुलतबहिणीचा, पायेमचा मुलगा. नगरपालिकेच्या गटारखात्यात आहे. खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात. त्या दिवशी झाले नव्हते.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला झालं. मंगळवारची रात्र, त्यात आपल्या जुन्या पाच दिवसांच्या आठवड्यातला क्लिवोन. असा योग आला की आपल्याकडची जुनी माणसं दिवेलागणीनंतर विहिरीतसुद्धा डोकावत नाहीत. पण नगरपालिकेला त्याचं काय! साहेबानं वागिनोला आणि त्याच्या जोडीदाराला, दार्सोला, रंगाऱ्यांच्या गल्लीत धाडलं.

काम तसं रोजचंच. बातिकचं, म्हणजे मेण लावून रंगवलेल्या कापडाचं, रंगीत पाणी आधी सामाईक टाकीत सोडायचं, तिथं गाळ बसू द्यायचा, मगच ते मोठ्या गटारात जाऊ द्यायचं, असा आता नियम आहे. पण टाकीपर्यंत पाणी चढवायला पंप लागतो, पंपाच्या विजेचे पैसे पडतात. म्हणून अंधार पडला की गल्ली आपापल्या पाइपांची बुचं काढते आणि सगळं सरळ गटारात. सकाळी नदी कधी निळी, कधी तपकिरी. विचारलं तर जो तो म्हणतो, "आमचं नव्हे बाबा, शेजाऱ्याचं असेल." मग करायचं काय? गटारात उतरून कुणाच्या पाइपातून रंग येतोय ते डोळ्यांनी बघायचं आणि त्या पाइपाचं तोंड सिमेंटनं बुजवायचं. दार्सो खाली नदीकाठी थांबला, गटाराच्या तोंडाशी. वागिनो गल्लीतून उतरणार होता.

उतरायची त्यांची एक रीत आहे. चपला चेंबरच्या कडेला काढून ठेवायच्या. चपला दिसल्या म्हणजे आत माणूस आहे, झाकणाला हात लावायचा नाही. पाटी ठेवली, दिवा ठेवला, तर आपल्याकडं रातोरात नाहीसा होतो. झिजलेल्या चपला कोण नेतंय?

चेंबर तुगियेम रंगारणीच्या दारात. ती उंबऱ्यावर शेंगा सोलत बसली होती.

"काय रे वाग्या, पाहुणा म्हणून आलास की चोर धरायला?"

"दोन्ही, काकू. तुमचं बूच घट्ट आहे ना?"

"माझं बूच राहू दे, तू स्वतःच्या लग्नाचं बघ. डोक्यावरचे केस गळायला लागले तुझे."

"गटाराच्या वासाला पोरगी कोण देणार?"

"आमच्या अख्ख्या गल्लीला मेणाचा वास मारतो. झाली की आमची लग्नं!"

वागिनो हसला. खात्याचा शर्ट त्यानं तिच्या खुंटीला अडकवला, चपला काढल्या आणि बनियनवरच बॅटरी घेऊन खाली उतरला.

थोड्या वेळानं पाऊस आला. तुगियेमनं बघितलं, पाहुण्याच्या चपला भिजतायत. उठली, चपला उचलल्या, वळचणीखाली नीट ठेवल्या, निघताना पाय सरळ आत जावेत म्हणून तोंडं बाहेर वळवून. आणि आत नमाजाला गेली. तिला ती रीत ठाऊक नव्हती असं नाही. पण हात आधी चालतात. पाहुण्याच्या चपला भिजताना आपल्यातल्या कुठल्या बाईला बघवतं, सांगा.

मग आला गल्लीचा पहारेकरी, सारिमिन. चेंबर उघडं, चपला नाहीत. "मेला गेला निघून, आणि झाकण तसंच! एखादं पोर पडलं म्हणजे?" असं पुटपुटत त्यानं लोखंडी झाकण ओढून बसवलं, वर पाय आपटले आणि गेला.

गल्ली खिडक्यांतून बघतच होती. झाकण बंद, म्हणजे गटारखातं गेलं. एकेका घरातलं बूच निघालं.

"आणि आजी, त्यानं हाका नाही मारल्या?"

मारल्या की. पण वर पाऊस. पत्रे वाजत होते. आणि खाली मोबाइलला रेंज कुठली?

आधी त्याला वाटलं, सारिमिनची मस्करी. तो लोखंडी पायऱ्या चढून वर आला, झाकणाला खांदा लावला. हललं नाही. तेवढ्यात खाली कुठंतरी भळाभळा आवाज झाला. मग दुसरीकडून. मग पलीकडून. बॅटरीच्या उजेडात त्यानं बघितलं. ज्या पाइपांचा शोध घ्यायला तो आला होता, ते सगळेच्या सगळे ओतत होते. तपकिरी. निळं. पावसाचं पाणीही त्यातच. नदीकडं निचरा होईना.

पाणी पोटरीला लागलं. मांडीला. तो एक पायरी वर सरकला. पाणीही सरकलं.

बॅटरी हातातून निसटली.

काळोख.

चेंबरचा गळा किती रुंद असतो? एका माणसापुरता. दोन्ही हात पायरीवर, मान वाकडी, डोकं झाकणाला टेकलेलं. कमरेला पाणी. छातीला…

आणि खालून कुणीतरी म्हणालं,

"सरक की जरा."

अगदी साधं. बसमध्ये म्हणतात ना, तसं.

वागिनो म्हणाला, "दार्सो?"

त्यानं परत विचारलं, "दार्सो, तूच आहेस ना?"

पाठीवर काहीतरी टेकलं. गार. आणि ते ढकलायला लागलं. वर. वर जागाच नव्हती. गाल झाकणावर दाबला गेला. ओठांना रंगाची कडू चव लागली. खालून दाब सुटेना…

तिकडं दार्सोला नदीवर सगळे रंग एकदम आलेले दिसले. फोन लागेना. धावत आला. चपला दिसेनात. तुगियेमचं दार बडवलं. ती बाहेर आली, वळचणीखाली बघितलं, आणि तिनं जी किंकाळी फोडली ती अख्ख्या गल्लीनं ऐकली. पाच-सहा जणांनी मिळून झाकण उचललं.

वागिनोचं नाक तेवढं पाण्याबाहेर होतं.

बाहेर काढल्यावर तो एकच बोलला, "आत अजून एक जण आहे."

पाणी उतरल्यावर बॅटऱ्या लावून बघितलं. कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी गटारखात्यानं गल्लीतले सगळे पाइप बुजवले. एकानंही अडवलं नाही. सारिमिननं तर सिमेंट कालवून दिलं.

पण पायेमनं मला जे दाखवलं, ते ऐका.

त्याचा बनियन तिनं धुवायला घेतला. तपकिरी-निळा झालेला, धागा न् धागा रंगलेला. फक्त पाठीवर एक पंजा पांढरा. पाच बोटं, बोटं वरच्या बाजूला. जिथं मेण असतं तिथं रंग चढत नाही, हे आपल्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पायेमनं बनियन उकळत्या पाण्यात घातला. मेण सुटलं. पाण्यावर त्याची साय धरली, ती तिनं पळीनं काढून टाकली.

मग पोराच्या नजरेला तो पंजा नको म्हणून तिनं बनियन निळीच्या हौदात बुडवला. काढला, वाळवला, परत बुडवला. मी शेजारी उभी होते. सगळा बनियन काळानिळा झाला.

मेण तर कधीच निघालं होतं. पंजा पांढराच राहिला.