तळायची नाही, भाजायची!

साताऱ्याहून सांगलीची एसटी सुटली तेव्हा भार्गवीचं डोकं चांगलंच तापलेलं होतं. मामाकडे तिला बघायला आलेल्या मुलाला तिनं एवढंच विचारलं होतं, "तुम्हाला स्वयंपाक येतो का?" झालं! मुलाच्या आईनं चहाचा कप तसाच खाली ठेवला, मामीनं कपाळावर हात मारून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी भार्गवीची रवानगी सांगलीला झाली. यात आपलं काय चुकलं, हे तिला काही केल्या कळत नव्हतं. खरं सांगायचं तर आपल्यालाही कळत नाही.

शेजारच्या सीटवर एक उंचापुरा तरुण बसला होता आणि त्याच्या पायाशी, येण्याजाण्याची वाट अडवून, एक लाकडी पेटी. कंडक्टर पेटी ओलांडताना दरवेळी त्याचा उद्धार करत होता आणि तो दरवेळी गोड हसत होता. बाहेर परतीचा पाऊस भुरभुरत होता. मलकापूरच्या पुढं गाडीनं एक असा खड्डा घेतला की पेटीची फळीच उचकटली... आणि गाडीभर सफरचंदं!

"आवं, धरा! पाय उचला, पाय!" तो ओरडत सीटखाली शिरला.

भार्गवीनं ओढणी पसरली आणि सरळ खाली बसून सफरचंदं गोळा करायला लागली. लहानशी, अर्धी लाल, अर्धी हिरवी. पेटीतलं गवत तिच्या केसांत अडकलं. त्यानं बोट दाखवलं, तिनं भलतीकडेच झटकलं. तो हसला.

"एवढी सफरचंदं?" ती फणकाऱ्यानं म्हणाली. "घरात कोणी आजारी आहे का?"

"न्हाई वो. भाऊ हिमाचलात हाय, पलटणीत. तिथल्या बागा आत्ता उतरत्यात. त्येचा दोस्त सुट्टीवर आला, त्येनं साताऱ्यापतुर पेटी आनली."

"आणि आता तुम्ही एकटेच खाणार?"

"सांगलीत भट्टी हाय माझी. बेकरी वो. ह्येचं कायतरी करावं म्हन्तो... पर काय, ते सुचंना."

त्याचं नाव साईराज. घर आष्ट्याचं, ऊस मुबलक, वडील लालासाहेब रिटायर सुभेदार. "आबा सगळ्या गावाला सांगत्यात," तो म्हणाला, "माझा एक पोरगा देश राखतोय आन् दुसरा पाव भाजतोय."

"मग तुम्ही काय सांगता?"

"देश राखनाऱ्याला बी पाव लागतोच की!"

भार्गवीला हसू आवरलं नाही. ओढणीला पुसून तिनं एक सफरचंद कचकन चावलं. आंबट, मागून गोड, आणि बाजारातल्यासारखं भुसभुशीत अजिबात नाही. ती डोळे मिटून चावत राहिली. तिचं चावणं संपेपर्यंत साईराज खड्डा, पेटी, कंडक्टर सगळं विसरून गेला होता.

"हे साखरेत आटवायचं," ती एकदम म्हणाली. "दालचिनी, लवंग घालून. आणि साट्याच्या करंजीत भरायचं. पण करंजी तळायची नाही, भाजायची!"

"करंजी कोन भाजतंय व्हय?"

"कोणी नाही. म्हणूनच."

दिवाळी जवळ आली की सांगलीतल्या बायका नानकटाईचं पीठ घरी मळतात आणि पत्र्याच्या ताटात मांडून भाजायला बेकरीत नेतात. साईराजच्या भट्टीपुढंही रांग लागायची. त्याची एक शिस्त होती. डावीकडच्या मांडणीत घरगुती पत्रे, उजवीकडे दुकानाचा माल, म्हणजे पॅटिस आणि बनपाव. दुकानाच्या मालाला चकाकी यावी म्हणून त्यावर अंड्याचा ब्रश फिरायचा. डावीकडे तो ब्रश चुकूनही जायचा नाही. या एका भरवशावर गावभागातल्या सोवळ्यातल्या बायकासुद्धा त्याच्याकडे पत्रे द्यायच्या.

त्या रांगेत एक दिवस भार्गवी नानकटाईचा पत्रा घेऊन उभी राहिली. पत्र्याच्या कोपऱ्यात सफरचंदाचं सारण भरलेल्या चार करंज्या होत्या. आईनं घरी बजावलं होतं, "अगं, करंजी तळतात! जगाच्या उलटं काही करायला जाऊ नकोस." म्हणून तर ती मुद्दाम आली होती.

पहिल्या करंज्या फुटल्या आणि रस पत्र्यावर करपला. दुसऱ्या खेपेला सारण कोरडं झालं पण वरचं कवच दगड. मग तिनं साट्यात तूप वाढवलं, लाटीचे थर सैल ठेवले, सफरचंदाच्या फोडी पाणी पार आटेपर्यंत परतल्या. साईराज पेटीतली सफरचंदं तिच्यासाठी निवडून ठेवायचा आणि ती पत्रा घेऊन आली की भट्टीतला विस्तव उगाचच सारखा करत बसायचा. तिच्या गालाला मैदा लागला की तो स्वतःचा गाल पुसून दाखवायचा. तिला ते कळायचं. तरी ती जरा वेळ तसाच राहू द्यायची.

शेवटी एकदा करंजी जमली. वरून खुसखुशीत, पापुद्रे सुटलेली, आत मऊ, आंबटगोड सारण, आणि दालचिनीचा वास थेट रस्त्यापर्यंत.

"कशी झालीय?" तिनं श्वास रोखून विचारलं.

साईराजनं गंभीरपणे मान हलवली. "बिघडलीया. गिऱ्हाइकाला द्यायची सोय न्हाई. मलाच खाया लागनार." त्यानं दुसरी उचलली. "ही बी बिघडलीया." तिसरी उचलली. "अरारा... ही तर लयच!"

"ठेवा खाली!" ती हसता हसता त्याच्या हातावर चापट मारून गेली. चापट हलकीच होती, पण तिचा तळवा बराच वेळ ऊन राहिला.

आणि नेमकं तेव्हाच पुण्याचं स्थळ आलं. मुलगा शौनक, इंजिनिअर, निर्व्यसनी, पत्रिका उत्तम. अण्णांनी, म्हणजे तिच्या वडलांनी, गंगाधरपंतांनी, तिला समोर बसवलं. "भार्गवी, या वेळी तोंड उघडायचं नाही. रविवारी दुपारी येताहेत."

"पोहे मी करणार नाही."

"मग काय करणार?"

"माझ्या करंज्या."

बसायला तरी तयार झाली, एवढ्यावर अण्णांनी समाधान मानलं.

भार्गवी तडक भट्टीवर गेली आणि साईराजला सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं. हातातला चिमटा खाली ठेवला, परत उचलला.

"बोला ना काहीतरी!"

"काय बोलू? तुमचं घर तसं, आमचं असं. इकडं तुमचे अण्णा, तिकडं आमचे आबा... बोललो तर दोनी घरं पेटत्याल."

"भट्टीवाल्याला आगीची भीती?"

तो खाली बघत म्हणाला, "रविवारी पत्रा आना. सकाळची पयली भट्टी तुमची."

भार्गवी तिथून निघाली ती रस्ताभर डोळे पुसत. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, हे तिला स्वच्छ कळून चुकलं होतं. तो मात्र पत्र्याचं बोलत होता! रविवारी सकाळी तिनं पत्रा दिला तेव्हा त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही आणि भाजून झाल्यावर घ्यायला आईला पाठवलं.

दुपारी बैठकीत पुण्याची मंडळी स्थानापन्न झाली. शौनक, त्याचे आईवडील. करंज्यांचं ताट बाहेर आलं आणि सगळ्यांचे डोळे चमकले. सोन्याचं पाणी दिल्यासारख्या दिसत होत्या. "सगळं मुलीनंच केलंय हो," आई म्हणाली. हे वाक्य अशा प्रत्येक बैठकीत म्हटलं जातं आणि क्वचितच खरं असतं. आज होतं. शौनकच्या वडलांनी दुसरी करंजी उचलली. त्याची आईही म्हणाली, "वा! अशी कधी खाल्ली नव्हती." अण्णांचा चेहरा खुलला. भार्गवी मान खाली घालून बसली होती. सगळं जमत चाललं होतं आणि तिचं रडू फुटायच्या बेतात होतं.

एवढ्यात दाराशी लूना थांबली. अंगभर मैदा, कपाळावर घाम, धापा टाकत साईराज उंबऱ्यात.

"खाऊ नका!"

"कोण आपण?" अण्णा उठले.

"मी साईराज. भट्टी माझी हाय. अण्णा, त्या करंज्यांवर अंड्याचा ब्रश फिरलाय. माझ्या हातनं. आत्ता भांडं धुताना ध्यानात आलं. तुमच्या घरात चालत न्हाई, म्हून पळत आलो. चूक माझी हाय, ह्यांची न्हाई."

शौनकच्या आईनं तोंडाला पदर लावला. त्याच्या वडलांचा घास तोंडातच राहिला. शौनक मात्र शांतपणे चावत राहिला. होस्टेलात चार वर्षं काढलेला मुलगा तो, त्याला काय!

"अरे, गप्प राहिला असतास तर कोणाला कळलंही नसतं!" भार्गवीच्या आईच्या तोंडून निघून गेलं.

"मला कळलं असतं की, काकू."

अण्णांचा आवाज चढला. "शोभा झाली आमची! निघा इथून!"

"थांबा," भार्गवी म्हणाली. ती उभी राहिली होती. "घरगुती पत्र्यांवर तुमचा ब्रश कधी जात नाही. आज कसा गेला?"

"तुमचा पत्रा मी डावीकडं ठिवलाच न्हाई."

"मग कुठं ठेवलात?"

"उजवीकडं. माझ्या मालात."

"का?"

"आवं, एवढ्या मानसांत..."

"का?"

साईराजनं मान वर केली. आता तो अण्णांकडे नाही, शौनककडे नाही, तिच्याकडेच बघत होता. "परका वाटला न्हाई म्हून," तो म्हणाला. "आपलाच वाटला... हातानं परस्पर तिकडं ठिवला. मग हाताला काय कळतंय, फिरवला ब्रश."

भार्गवीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. इतके दिवस जे ऐकायला ती झुरली होती, ते असं अंड्याच्या ब्रशावरून यावं!

"अण्णा," ती वळली, "तुम्ही तोंड उघडू नको म्हणालात. पण उघडते. मी लग्न करीन तर यांच्याशी. तुम्ही हो म्हणालात तर आनंदानं करीन, नाही म्हणालात तर थांबेन. पण यापुढं मी कोणासमोर ताट घेऊन बसणार नाही."

"अगं, त्यांचं घर वेगळं, त्यांचं खाणंपिणं वेगळं!"

"असू दे. मी जे खात नाही, ते हे मला लपवून खाऊ घालणार नाहीत, एवढं आत्ता सगळ्यांनीच बघितलं."

शौनक खाकरला. "काका, मला विचाराल तर... यांचं बरोबर आहे."

"शौनक!" त्याची आई किंचाळली.

"ते ताट आधी फेकून दे!" अण्णा ओरडले.

भार्गवीनं ताट उचललं, आपल्या पदरानं झाकलं आणि दाराकडे निघाली.

"पायरी उतरलीस तर याद राख!"

"उतरतेय, अण्णा. आणि संध्याकाळी परत येतेय. दार लावून घेतलंत तर पायरीवर बसेन, पण येईन." एवढं म्हणताना तिचा आवाज कापला. अण्णांच्या डोळ्यांकडे बघायचं धाडस तिला झालं नाही. ती उतरली.

भरदुपारी अख्ख्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या होत्या. साडी सावरून ती लूनावर मागं बसली, मांडीवर ताट.

"आता कुठं?" साईराजला घाम फुटला होता.

"आष्ट्याला. तुमच्या आबांना खाऊ घालायच्यात."

"आवं! आबा बंदूक काढत्याल!"

"काढू देत. त्यांना अंडं तर चालतं ना? आधी करंजी खातील, मग बंदूक बघू."

"भ्या वाटत न्हाई तुमास्नी?"

"वाटतंय ना," भार्गवी म्हणाली आणि सगळ्या गल्लीच्या देखत तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणून म्हणते, जोरात चालव!"