बेचाळिसावं पान

कोहळा सुटला तेव्हा मी ओरडलेसुद्धा नाही. तोंड उघडं तेवढं राहिलं.

नजरबादेतली आमची शाळा चढावर आहे, आणि मी चौथीला चलनशक्ती शिकवत होते. म्हणजे हलणाऱ्या वस्तूत असते ती ऊर्जा. तोंडी सांगून पोरांना काय कळणार? म्हणून व्हरांड्यात फळी तिरकी लावली, खाली रिकामं खोकं ठेवलं. आधी लिंबू सोडलं. खोकं बोटभर सरकलं. मग बाजारातून आणलेला चांगला सहा किलोचा कोहळा सोडला. त्यानं खोकं उडवलं, पायरी ओलांडली, गेटातून बाहेर पडला आणि उतारावर उभ्या असलेल्या एका सायकलीला जाऊन बसला. सायकल आडवी.

पाच मिनिटांनी एक उंच माणूस कोहळा काखेत घेऊन गेटात उभा.

"हा तुमचा?" त्यानं कन्नडमध्ये विचारलं.

माफी मागायची सोडून मी काय म्हणावं? "उतारावर सायकल लावतात का कुणी?" आणि मग मडगार्ड बघून हळूच मराठीत, स्वतःशी, "अय्यो देवा, चेपलंच की."

"चेपलं की," तो मराठीत म्हणाला. "आणि तुमच्या कोहळ्याला ओरखडा पण नाही. बेट्टदपुरचा असणार. आमच्या गावचे असेच असतात."

माझे कान तापले. मागून कृष्णवेणी, माझ्या वर्गातली सगळ्यात चोंबडी मुलगी, ओरडली, "मिस, कोहळ्यात जास्त शक्ती का सायकलीत?"

"कोहळ्यात," उत्तर त्यानंच दिलं. "सायकल सुम्ने उभी होती. नुसतं उभं राहणाऱ्याचं कुठं काय चालतंय?"

हे वाक्य मला पुढं फार महागात पडणार होतं. तेव्हा मी फक्त त्याच्या हातातून कोहळा घेतला, आणि तो इतका जड होता की दोघांनाही तो एकदम सोडता येईना. दोघं तसेच… कोहळा धरून.

त्यांचं नाव चिदंबर. आमच्या गल्लीच्या टोकाला वीज ऑफिस आहे, तिथं मीटर तपासायला आले होते, दसऱ्यापर्यंतच. त्यानंतर साहेब पाठवतील तिकडं. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तेव्हा आषाढ चालू होता, आणि आषाढात दसरा लांब वाटतो.

पुढच्या शनिवारी ते नवं मडगार्ड दाखवायला आले. त्याच्या पुढच्या शनिवारी करवंट्यांचं चाक घेऊन. माठातलं पाणी वरून सोडलं की करवंट्या भरायच्या, चाक गरगर फिरायचं, आणि चाकाला जोडलेल्या सायकलच्या डायनॅमोवर एक छोटा बल्ब मिणमिणायचा. पोरं टाळ्या पिटून वेडी झाली.

"पाणी उंचावर असतं तोवर गप्प," ते सांगत होते. "खाली पडलं की चाक फिरतं. चाक फिरलं की दिवा. जोगच्या धबधब्यावर असंच करतात, फक्त माठ मोठा."

मग ऊर्जा कुठनं कुठनं मिळते ते मी फळ्यावर लिहायला घेतलं. ऊन, वारा, पाणी, कोळसा, सरपण. कृष्णवेणीनं हात वर केला. "मिस, इडली?"

सगळे हसले. ते हसले नाहीत. "बरोबर आहे की तिचं. उन्हावर भात पिकतो, तांदळाची इडली होते, इडलीवर तू पळतेस. लिहा मिस, इडली."

मी लिहिलं. खरं सांगू? तिथंच मला ते आवडले.

पण सांगायचं कसं? चाळीस पोरांपुढं माझं तोंड चालतं, स्वतःपुरतं उघडायचं म्हटलं की दातखीळ बसते. आई गेली तेव्हापासून घरात अप्पा आणि मी. सत्तावीस वर्षांची झाले होते. अप्पांना मी आयुष्यात कधी "मला हे पाहिजे" म्हटलं नव्हतं, साडीसुद्धा त्यांनी आणली ती नेसले. आता दसरा जवळ येत होता आणि मला एक माणूस पाहिजे होता.

भाद्रपदातल्या एका दुपारी शाळा सुटली आणि पाऊस आला. व्हरांड्यात आम्ही दोघंच. त्यांचा शर्ट एका खांद्यावर भिजला होता, कारण कोरड्या बाजूला मला उभं केलं होतं.

"मिस, एक विचारू?"

"विचारा."

"तुमच्याकडं पाणी बरंच उंचावर साठलंय असं वाटतं. खाली कधी सोडणार?"

"धरण फुटलं तर पळून जाल."

"मला पोहता येतं," ते म्हणाले.

मी पावसाकडं बघत राहिले. काय बोलू… पागोळ्या मोजल्या. सतरा झाल्या. अठराव्या पागोळीला पाऊस थांबला आणि ते "सरि, येतो" म्हणून गेले. घरी जाऊन मी स्वतःला एवढ्या शिव्या दिल्या!

त्यानंतर त्यांनी माझं विज्ञानाचं पुस्तक मागून नेलं. वीजघराचं चित्र फार बारीक होतं, मोठं काढून डकवून देतो म्हणाले. दसऱ्याची सुट्टी लागायच्या दिवशी, शेवटच्या घंटेला, पुस्तक परत आलं.

"पान बेचाळीस," ते म्हणाले. "बघून सांगा."

"काय सांगू?"

"बरोबर का चूक."

एवढंच. सायकलवर टांग मारून गेले. दसरा चार दिवसांवर आलेला, आणि हा माणूस जाता जाता चित्राचं बोलतो! मला असा राग आला म्हणता. बघतच नाही जा तुमचं चित्र, असं म्हणून मी पुस्तक न उघडता पिशवीत टाकलं. सप्तमीला अप्पांनी हाक मारली, "वनजा, पुस्तकं आण गं पूजेला," तेव्हा सगळ्या शाळेच्या पुस्तकांबरोबर तेही देवापुढं मांडलं.

आमच्याकडं सप्तमीला पुस्तकं पूजेला बसतात. दशमीपर्यंत उघडायची नाहीत, हलवायचीसुद्धा नाहीत. नवमीला त्यांच्यावर पणजोबांची तलवार येते. पणजोबा इथल्या महाराजांच्या रिसाल्यात होते. अप्पा, म्हणजे नागोजीराव, आयुष्यभर कोर्टात कारकून. पण नवमीला ते रिसालदार होतात. फेटा बांधतात, तलवार उजळतात, घरातली कात्री, विळी, शिवणयंत्र, माझी सायकल, सगळ्याला हळदकुंकू. सायकलीच्या दोन्ही चाकांखाली एक एक लिंबू. आणि मग दशमीच्या सकाळपर्यंत कशाला हात लावायची कुणाची छाती नाही.

तीन दिवस चिदंबरराव दिसले नाहीत. मला वाटलं, सुट्टी आहे, गावी गेले असतील. मनातून मात्र जीव टांगलेला.

नवमीला दुपार कलल्यावर मी वीज ऑफिसात गेले. आयुधपूजेला सगळ्या ऑफिसांची दारं उघडी असतात, कुणीही जावं, प्रसाद घ्यावा. मीटरांना झेंडू, पक्कडांना कुंकू. म्हातारे हेडक्लार्क तिरुमलराव चुरमुरे वाटत होते.

"चिदंबरराव नाहीत?" मी जमेल तेवढं सहज विचारलं.

"तो? आज निघाला ना अम्मा, संध्याकाळी सहाच्या गाडीनं. जोगच्या वीजघरात. जायचं का इथंच राहायचं ते सांगायला साहेबांनी आज सकाळपर्यंत वेळ दिलेला. तीन दिवस नुसता गेटाकडं बघत बसलेला, कुणाची वाट बघत होता कोण जाणे. सकाळी सही केली आणि गेला."

पान बेचाळीस. बघून सांगा. बरोबर का चूक.

चुरमुरे माझ्या हातातनं सांडले. तीन दिवस तो माणूस माझ्या उत्तराची वाट बघत होता, आणि त्याचा प्रश्न मी देवापुढं मांडून वर फुलं वाहिली होती!

घरी पोचले तेव्हा पाच वाजले होते. अप्पा फेटा बांधून पूजेसमोर बसले होते. पुस्तकांवर तलवार, तलवारीवर झेंडूचा हार.

"अप्पा, मला एक पुस्तक पाहिजे. आत्ता."

"उद्या."

"उद्या नको. आज सहाच्या आत."

"पूजेतलं पुस्तक? काय बोलतेस, वनजा?"

मी त्यांच्यापुढं बसले. आता गप्प बसले असते तर जन्मभर पागोळ्या मोजत बसायची वेळ आली असती.

"त्यात एका माणसानं मला काहीतरी विचारलंय," मी म्हणाले. "मी न वाचता पूजेला ठेवलं. तो आज गाव सोडून चाललाय. अप्पा, मला तो माणूस पाहिजे."

अप्पांनी फेटा काढून बाजूला ठेवला, देवाला हात जोडले आणि दोन्ही हातांनी तलवार उचलली.

"तू हात लावू नको. मी काढतो. देवाला रागवायचं असेल तर मला रागावू दे." पुस्तकांतून त्यांनी बरोबर विज्ञानाचं पुस्तक ओढलं आणि म्हणाले, "सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंस. सरस्वती पण आईच आहे की."

बेचाळिसाव्या पानावर वीजघराचं सुंदर चित्र होतं. उंचावर तळं, खाली चाक, चाकापुढं दिवा, आणि दिव्याखाली दोन माणसं, एकाच्या काखेत कोहळा. त्याखाली बारीक अक्षरात: "मिस, मला जोगला पाठवतायत. तुम्ही थांब म्हटलं तर थांबेन. काही बोलला नाहीत तर चूक समजेन आणि जाईन. राग नाही."

"राग नाही म्हणे!" मी रडत रडत ओरडले.

अप्पांनी सायकलीचं हँडल धरून सरळ केलं. "साडेपाच झाले."

"लिंबं उद्या फोडायची ना, अप्पा?"

"आज फोड. जा."

मी पायडल मारलं. चाकाखाली लिंबं फट् फट् फुटली आणि मी हार घातलेली सायकल घेऊन नजरबादेचा उतार जी सुटले ती सुटलेच. ब्रेक? आठवला पण नाही. स्टेशनात शिरताना हारातली निम्मी फुलं रस्त्यावर होती.

गाडी उभी होती. ते डब्याच्या दारात. मला बघून खाली उतरले.

"बरोबर आहे!" मी लांबूनच ओरडले. हमालसुद्धा वळून बघायला लागले. "चित्र बरोबर आहे. मी आज बघितलं. पूजेला ठेवलं होतं हो… मला माहीत नव्हतं. मला तुम्ही आवडता, इडलीच्या दिवसापासून. तुम्हाला एका वाक्यात नीट विचारता येत नव्हतं?"

"तुम्हाला एका वाक्यात सांगता येत होतं?"

मी हसायला लागले, आणि डोळे पुसायला गेले तर हाताला सगळं कुंकू.

"सही केली मिस," ते हळूच म्हणाले. "आता वर्षभर जावं लागणार."

"मग जा. वर्षभरच ना? मी आषाढापासून गप्प बसलेली बाई आहे, वर्षाचं काय घेऊन बसलात? पण दर आठवड्याला पत्र. आणि पुस्तकात घालून नाही, पोस्टानं."

शिट्टी झाली. त्यांनी माझा हात धरला, तोच कुंकू लागलेला. तेवढ्यात मागनं आवाज आला, "कोण रे ही, चिदंबरा?" बाकावर फळांची पिशवी घेऊन एक ठसठशीत बाई बसल्या होत्या. त्यांच्या आई, गिरिजाबाई, मुलाला पोचवायला बेट्टदपुरहून आलेल्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"ती कोहळ्याची मिस," चिदंबरराव म्हणाले.

"हां, ती होय!" त्यांनी मला डोक्यापासून चपलांपर्यंत बघितलं. "घरात मोठं कोण आहे गं तुझ्या?"

"अप्पा."

"उद्या असतात?"

"उद्या पुस्तकं उठतात. असतात."

गाडी हलली. ते दारात उभे, मी थोडी पळाले, मग प्लॅटफॉर्म संपला. परत येताना अंधार पडला होता. चढावर पाय भरून आले, पण थांबले की डायनॅमोचा दिवा विझायचा, म्हणून थांबले नाही.

दशमीला सकाळी अप्पांनी पुस्तकं उठवली, बेचाळिसावं पान चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि "चाक बरं काढलंय" एवढं म्हणाले. तेवढ्यात दार वाजलं. गिरिजाबाई आल्या होत्या, हातात बन्नीची, म्हणजे शमीची पानं आणि काखेत कोहळा.

"दृष्ट काढून फोडायला का?" अप्पांनी विचारलं.

"छे हो," त्या म्हणाल्या. "हा सुनेला शाळेत शिकवायला."